अंगणातील शाळा

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात कोसबाड नावाचे एक गाव आहे. गावालगत टेकडी, भोवताली भातशेती, कुडाच्या झोपड्यांचे विखुरलेले पाडे आणि काही मैलांवर पश्चिमेचा समुद्र, असा हा रम्य परिसर. येथे वारली आदिवासींची वस्ती फार पूर्वीपासून आहे. १९५७ साली पासष्ट वर्षांच्या एक बाई आपल्या सहकाऱ्यांसह या टेकडीवर आल्या. त्या वयात माणसे सहसा कामातून निवृत्त होतात. या बाईंनी मात्र आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड कामाला तेथे हात घातला. ज्या पाड्यांवर पाटी-पुस्तक कोणी पाहिले नव्हते, तेथील तान्ह्या व लहान मुलांच्या शिक्षणाचे ते काम होते. या बाई म्हणजेच पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. जातिभेद मानू नये, स्त्रियांना शिक्षण द्यावे, विधवांना पुन्हा संसार मांडता यावा, हे विचार प्रार्थना समाज त्या काळी लोकांपुढे मांडीत असे. सदाशिवरावांनी हे विचार केवळ बोलून दाखविले नाहीत. त्यांनी स्वतः उमाबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. अशा विवाहामुळे नातलगांचा रोष ओढवून घ्यावा लागे. जे पटते ते करावयाचे आणि त्यासाठी सोसावे लागले तरी मागे फिरावयाचे नाही, हा धडा ताराबाईंना घरातच मिळाला.

मुलींनी चार इयत्ता शिकल्या तरी पुष्कळ झाले, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळात, १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे त्यांचा विवाह श्री. मोडक या वकिलांशी झाला आणि त्या अमरावतीस गेल्या. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ साली आपल्या लहानग्या मुलीला घेऊन ताराबाई सौराष्ट्रातील राजकोट येथे गेल्या आणि तेथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. हातात मानाची जागा होती, पगार चांगला होता. एकट्या स्त्रीला त्या काळी याहून अधिक काय हवे होते?

परंतु ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न सतावीत होता. घरात मूल वाढत होते. ते दिवसभर काहीतरी विचारी, वस्तू उचलून पाही, पडे, पुन्हा उठे. शिकण्याची ही केवढी हौस! मग हेच मूल पुढे शाळेत गेले म्हणजे शाळेला का भिते? त्या काळच्या शाळांत मुलाला पहिल्याच दिवशी अक्षरे घोकावयास लावीत. धुळाक्षरांवर बोट धरून गिरवून घेत. चुकले की छडी बसे. अक्षर म्हणजे काय, ते कशासाठी शिकावयाचे, हे मुलाला ठाऊक नसे. त्याला ठाऊक असे ती फक्त छडी. शाळेचे नाव काढताच कित्येक मुले रडू लागत आणि पुष्कळशी कायमची शाळा सोडून देत.

त्याच सुमारास सौराष्ट्रातील भावनगर येथे एक आगळा प्रयोग सुरू झाला होता. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी आपली वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले होते. मुलांवर त्यांची इतकी माया होती, की लोक त्यांना कौतुकाने मिशा असलेली आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. गाणी होती, गोष्टी होत्या, बागकाम होते आणि हाताळावयास नाना प्रकारची साधने होती. ताराबाईंनी हे कार्य जाणून घेतले आणि त्यांचा निश्चय झाला. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी म्हणून रुजू झाल्या.

या बालमंदिराला प्रेरणा मिळाली होती ती मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीच्या कार्यापासून. माँटेसरी या पेशाने डॉक्टर होत्या. १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक बालगृह उघडले. मूल स्वतःच्या हातांनी आणि डोळ्यांनी शिकते, मोठ्यांनी त्याला योग्य साधने द्यावीत आणि त्याच्या कामात विनाकारण ढवळाढवळ करू नये, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते.

अक्षरओळखीचे या पद्धतीतील तंत्र मोठे मनोवेधक आहे. मुलाच्या हाती एकदम पाटी-पेन्सिल देत नाहीत. आधी त्याची बोटे तयार करतात. लहान मूल लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसविते, मणी ओवते, आकृतीच्या कडेने पेन्सिल फिरविते. त्यामुळे बोटांत बळ येते आणि हाताला वळण लागते. दुसरीकडे त्याचे कान तयार होत असतात. गाण्यांतून आणि गोष्टींतून त्याला शेकडो शब्द भेटतात. कमळ, कप, कणीस हे शब्द ऐकता ऐकता सर्वांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो, हे त्याच्या ध्यानी येते. मग खरखरीत कागदाचे कापलेले अक्षर त्याच्यापुढे ठेवतात. मूल त्यावरून बोट फिरविते आणि त्याचा उच्चार ऐकते. डोळा, कान आणि बोट या तिघांची अशी गाठ पडली, म्हणजे अक्षर मनात पक्के बसते. पुढे सुटी अक्षरे जुळवून मूल आपल्या मनातील शब्द मांडू लागते आणि एके दिवशी आपण लिहू शकतो, वाचू शकतो, हे त्याचे त्यालाच उमगते. त्या क्षणी त्याला होणारा आनंद कोणत्याही बक्षिसाहून मोठा असतो.

भावनगरात ताराबाईंनी हे सर्व मनापासून आत्मसात केले. त्यासाठी त्या गुजराती भाषा उत्तम शिकल्या. परंतु एका बालमंदिराने देशातील मुलांचा प्रश्न सुटणार नव्हता. त्यासाठी शिक्षक हवे होते आणि आईबापांचे मनही वळवावयास हवे होते. म्हणून १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे शिक्षणपत्रिका नावाचे मासिक गुजरातीत निघत असे. १९३३ साली ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती सुरू केली. मूल हट्ट का करते, त्याला मारल्याने काय होते, त्याला कोणत्या गोष्टी सांगाव्यात, अशा विषयांवर त्यांनी सोप्या भाषेत विपुल लेखन केले. महाराष्ट्रातील अनेक आईबापांनी आपल्या मुलाकडे नव्या दृष्टीने पाहावयास आरंभ केला तो या लेखनामुळे.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. लहान मुलांची शाळा आणि तिच्या जोडीला बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर, असे तिचे स्वरूप होते. येथून शिकून गेलेल्या शिक्षिकांनी ठिकठिकाणी बालमंदिरे काढली. ताराबाईंचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाऊ लागले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. त्यांच्यामागे बालशिक्षणाच्या कार्याची धुरा ताराबाईंनी अधिकच नेटाने वाहिली.

कार्य वाढत होते, तरीही ताराबाईंचे समाधान होत नव्हते. शिशुविहारासारख्या शाळांत येणारी मुले बहुधा सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरांतील होती. त्यांची लाकडी साधने किमती होती. देशातील बहुसंख्य मुले मात्र खेड्यांत राहत होती. त्यांच्या घरी पुस्तक नव्हते, कित्येकदा पोटभर अन्नही नव्हते. मग हे शिक्षण केवळ पैसेवाल्यांच्या मुलांसाठीच आहे काय? ज्याच्या घरी काहीच नाही, त्या मुलाला त्याची अधिक गरज नाही काय? १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला होता. शिक्षण गावातील जीवनाशी आणि हातांच्या कामाशी जोडलेले असावे, हा तो विचार. ताराबाईंना त्यातून आपली वाट दिसू लागली. माँटेसरींचे तत्त्व घ्यावयाचे, परंतु साधने आणि रीत आपल्या खेड्यांची ठेवावयाची, असे त्यांनी ठरविले.

१९४५ सालच्या अखेरीस त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ या सहकारी लाभल्या. अनुताईंना कोवळ्या वयातच वैधव्य आले होते. मोठ्या जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीस आल्यापासून त्यांनी ताराबाईंची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

बोर्डीस बालवाडी सुरू झाली, तेव्हा अडचणी एकामागून एक पुढे आल्या. मुलांना आंघोळ नसे, नखे वाढलेली, केस पिंजारलेले, अंगावर खरूज. म्हणून बालवाडीतील पहिला पाठ अक्षरांचा नव्हता, तो स्वच्छतेचा होता. शिक्षिका मुलांना न्हाऊमाखू घालीत, त्यांची नखे कापीत, केस विंचरीत. मग गाणी आणि गोष्टी होत. किमती साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती आणि बांबू यांपासून केलेली साधने आली. शिंपले मोजता मोजता मुले संख्या शिकत. लहानमोठ्या पानांची रांग लावताना त्यांची नजर तयार होई. अशी साधने गावात फुकट मिळत आणि मोडली तरी कोणी रागावत नसे.

परंतु याहून मोठी अडचण निराळीच होती. गावात बालवाडी उघडली, तरी ज्या मुलांसाठी ताराबाई आल्या होत्या, त्यांपैकी पुष्कळशी मुले तेथे येतच नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या वस्तीतील मुले दूरच राहत. त्यांचे आईबाप पहाटे मजुरीला जात, मुलांना बालवाडीत पोचविणार कोण? आणि गावातील इतरांच्या मुलांबरोबर आपली मुले बसू देतील काय, ही भीतीही त्यांच्या मनात असे. दुसरा कोणी असता, तर मुले येत नाहीत असा शेरा वहीत लिहून मोकळा झाला असता. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही आणि आईबापांनाही दिला नाही. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा विचार त्यांनी केला. त्यांच्या शिक्षिका साधनांची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढील सारवलेले अंगण हीच शाळा झाली. अंगणात गाणे सुरू झाले की आजूबाजूची मुले हळूहळू जमत. दाराआडून आया पाहत आणि पाहता पाहता त्यांनाही या खेळाचे मर्म कळू लागे. अशा रीतीने अंगणवाडीचा जन्म झाला.

येथवर येऊनही ताराबाई थांबल्या नाहीत. डोंगराकडच्या पाड्यांतील आदिवासी मुले अजून दूरच होती. सावकार आणि जमीनदार यांच्या कर्जाखाली वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या पिचून गेले होते. दोन अक्षरे वाचता येत नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे, हे न कळताच त्यांना अंगठा उठवावा लागे. हे अक्षरांचे दारिद्र्य पुढच्या पिढीपुरते तरी संपावे, या हेतूने १९५७ साली संघाचे कार्य बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले.

कोसबाडला एक नवेच कोडे पुढे आले. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत यावयास तयार असे, परंतु तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई शेतावर किंवा जंगलात गेलेली. भावंडाला टाकून ती शाळेत येणार कशी? भावंड घरी ठेव आणि मगच ये, असे तिला सांगणे म्हणजे तिला शाळेचे दार बंद करणे होते. ताराबाईंनी तिला भावंडासह आत घेतले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात भरू लागली. तान्हे मूल पाळण्यात निजे, तीन-चार वर्षांचे मूल खेळे आणि मोठी बहीण पलीकडे बसून वाचावयास शिके. मधल्या सुट्टीत ती आपल्या भावंडाला पाहून येई. या रचनेला ताराबाईंनी विकासवाडी असे नाव दिले.

मुलांचे कोडेही असेच होते. पुष्कळ मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांच्या कमाईवर घराचा आधार असे, म्हणून त्यांना शाळेत पाठवावयास आईबाप राजी नसत. मग गुरे चरतात त्या कुरणावरच शिक्षक जाऊ लागले. ही कुरणशाळा. एक डोळा गुरांवर ठेवून मुले झाडाखाली शिकू लागली. पाने, पक्षी, किडे, ढग हे सारे तेथे शिकण्याचे विषय होते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक होता. वारली मुले घरी आपली बोली बोलत. पुस्तकातील मराठी त्यांना परकी वाटे. तुझे बोलणे चुकीचे आहे, असे लहान मुलाला सांगितले की ते बोलणेच थांबविते आणि जे मूल बोलत नाही ते वाचावयास कसे शिकणार? म्हणून त्यांच्या बोलीला, गाण्यांना आणि नाचांना शाळेत मानाचे स्थान मिळाले. आधी मुलाने मोकळेपणाने बोलावे, मग ऐकावे, मग लिहावे आणि वाचावे, ही पायरी सोडावयाची नाही, असा कोसबाडचा दंडक होता. आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ सांगतात, की वाचनाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत, गप्पांतून, गाण्यांतून आणि गोष्टींतूनच घातला जातो. कोसबाडच्या टेकडीवर ही गोष्ट तेव्हाच प्रत्यक्षात आणली जात होती.

हे काम एका दिवसाचे नव्हते. पावसाळ्यात पाड्यांच्या वाटा चिखलाने भरून जात. भाताच्या लावणीच्या दिवसांत मुले कमी होत. आज आलेले मूल उद्या येईलच, याची खात्री नसे. शिक्षिका पुन्हा पाड्यावर जात, पुन्हा मुलांना गोळा करीत. पैशाची चणचण तर नित्याचीच होती. ताराबाईंचे शरीर थकत चालले होते, परंतु त्यांनी कामाचा हट्ट सोडला नाही. १९६२ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यानंतरही कोसबाडच्या मुलांची काळजी त्या पूर्वीप्रमाणेच वाहत राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

ताराबाईंच्या मागे अनुताईंनी १९९२ सालापर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत, कोसबाडचे कार्य चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. मुलांना पोषक आहार, लसीकरण आणि शाळेपूर्वीचे शिक्षण देणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत खेडोपाडी हा शब्द पोचला आहे.

सकाळच्या वेळी एखाद्या अंगणवाडीवरून जाताना आतून मुलांच्या गाण्याचा आवाज ऐकू येतो. काही मुले मण्यांची माळ करीत असतात, काही मातीत रेघा ओढीत असतात. त्या रेघांतूनच पुढे त्यांची अक्षरे घडावयाची असतात. त्या मुलांना ताराबाईंचे नाव ठाऊक नसते. परंतु जी मुले शाळेपर्यंत पोचू शकत नव्हती, त्यांच्या दारात शाळा नेण्याचे जे काम ताराबाईंनी बोर्डीच्या एका वस्तीत आरंभिले, त्याचेच फळ ती मुले आज चाखीत असतात.